खाल्लेलं अंगाला का लागत नाही?

कापूस वेचणीच्या दिवसांत मुकुटबनच्या शिवारात ओटी बांधून ओळीने पुढे सरकणाऱ्या बायांमध्ये स्थूल बाई शोधूनच काढावी लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातलं हे मोठं गाव माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे. भोवती कापूस, सोयाबीन आणि तूर, जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा, दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणा. आसपास कोलाम आदिवासींच्या वस्त्या म्हणजे पोड, गोंडांची गावं आणि आता सिमेंटचा कारखानाही.

अशा गावातल्या तीन बायांची कल्पना करा. पहिली रोज शेतावर जाते, दिवसभर वाकून वेचणी किंवा निंदण करते, संध्याकाळी घरचं सगळं काम उरकते. दुसरी दुकानात किंवा शाळेत काम करते, फारसे कष्ट नाहीत, पोटभर जेवते, तरी चाळिशीत तिला लग्नातलं पोलकं येतं. तिची आई अशीच होती आणि मावशीही. तिसरी घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते खाते, तिला दम लागतो आणि गरगरतं. तिघींचं वजन 42 ते 45 किलोच्या आसपास. गाव तिघींबद्दल एकच बोलतं: हिची हाडपेरच बारीक, हिचं खाल्लेलं अंगाला लागत नाही.

वरून सारखा दिसणारा हा बारीकपणा आतून तीन वेगळ्या गोष्टी आहे. पहिलीचा कष्टांचा आहे, दुसरीचा बीजाचा आणि तिसरीचा अभावाचा. बहुतेक बायांमध्ये या तिन्हींची कमीजास्त सरमिसळ असते. वजनकाटा मात्र तिघींना एकच आकडा दाखवतो.

शरीराचा जमाखर्च

अन्नातून आलेली ऊर्जा खर्चापेक्षा जास्त झाली की शरीर ती चरबीच्या रूपात साठवतं, एवढं सर्वांना ठाऊक असतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी. त्या हिशेबाने रोज एक लहान घास जास्त गेला, तर वर्षाकाठी किलोभर वजन चढायला हवं आणि वीस वर्षांत वीस किलो. प्रत्यक्षात असं सरळ होत नाही, कारण वजन वाढलं की खर्चही वाढतो आणि भूकही बदलते. तरीही कुठल्याही आहारतक्त्याशिवाय काही बायांचं वजन वर्षानुवर्षं एक-दोन किलोच्या पलीकडे हलत नाही, याचं आश्चर्य उरतंच.

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘तिचं मेटाबॉलिझम फास्ट आहे’. चाळिशीनंतर ते मंदावतं म्हणून वजन वाढतं, असंही म्हटलं जातं. 2021 साली हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात 6,400 हून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापं मांडली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धांपर्यंत सगळे होते. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर दिसलं, की 20 ते 60 या वयात माणसाचा ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो. तिशी-चाळिशीत वाढणाऱ्या वजनाचा दोष त्यामुळे मंदावलेल्या शरीरावर टाकता येत नाही. तो भूक, ताट, झोप आणि हालचाल यांतल्या बदलांकडे जातो.

बीजाचा वाटा

बारीक किंवा जाड असणं रक्तातून येतं, ही समज जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलतेची कारणं सांगताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्याबरोबर बीजाचा स्वभावही गणलेला आहे. आधुनिक विज्ञानाने या समजुतीला आकडे दिले.

1986 साली आल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या 540 दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या शरीराची ठेवण जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांच्या घरी त्या जेवूनखाऊन वाढल्या, त्या पालकांशी मात्र जुळत नव्हती. 1990 साली स्वीडनमधल्या जुळ्यांवरचं त्यांचं काम आलं. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांची वजनं, एकत्र वाढलेल्या जुळ्यांइतकीच एकमेकांजवळ निघाली.

त्याच वर्षी कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या 12 जोड्यांना 84 दिवस गरजेपेक्षा रोज 1,000 किलोकॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना जादा अन्न सारखंच मिळालं. सरासरी वजन 8.1 किलोने वाढलं, पण एकाचं 4.3 किलोने तर दुसऱ्याचं 13.3 किलोने. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एका जोडीतल्या भावांची वाढ एकमेकांशी बरीच जुळत होती. ‘अंगाला लागणं’ माणसागणिक वेगळं असतं आणि ते बऱ्याच अंशी जन्मजात असतं, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

मग ते ‘बारीकपणाचं जनुक’ कोणतं? एकच एक असं नाही. 2007 साली एफटीओ या जनुकाचा वजनाशी संबंध सापडला. त्याची विशिष्ट आवृत्ती आई आणि वडील दोघांकडून आलेली माणसं सरासरी तीनेक किलो जड असतात. 2018 पर्यंत सुमारे सात लाख लोकांच्या तपासणीतून वजनाशी जोडलेल्या नऊशेहून अधिक जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर, पण एकत्र आल्या की फरक मोठा. 2019 साली अशा लाखो जागांची बेरीज करून पाहिली गेली, तेव्हा सर्वात कमी आणि सर्वात जास्त जनुकीय ओढ असलेल्या दहा-दहा टक्के लोकांच्या सरासरी वजनात तब्बल 13 किलोंचं अंतर आढळलं. हे अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचे आहेत, एवढं भान ठेवूनच ते वाचावेत.

खास बारीक माणसांचा अभ्यास केंब्रिजमध्ये सदफ फारूकी यांनी केला. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात 1,622 बारीक पण निरोगी लोक होते. त्यांतल्या चौघांपैकी तिघांच्या घरात असाच निरोगी बारीकपणा चालत आलेला होता. वजन वाढवणारी जनुकं त्यांच्यात कमी होती. काही वेगळ्या जनुकीय जागांचा हातभारही दिसला. 2021 साली जीपीआर75 या जनुकाची माहिती आली. त्याची एक प्रत निकामी असलेली माणसं सरासरी 5.3 किलोने हलकी असतात. पण अशी माणसं दहा हजारांत चारच. मुकुटबनसारख्या गावातल्या एखाद्या घरातल्या पाच बायका बारीक असल्या, तर त्यामागे असं दुर्मीळ जनुक असण्यापेक्षा शेकडो साध्या जनुकांची अनुकूल जुळणी असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

ही जनुकं काम कुठे करतात? वजनाशी जोडलेल्या जनुकांपैकी बरीच मेंदूत सक्रिय असतात, विशेषतः भूक आणि तृप्ती सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागात. 1994 साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. चरबीच्या पेशी त्याच्यामार्फत मेंदूला साठ्याची खबर देतात. मेंदूतला एमसी4आर हा ग्राहक (रिसेप्टर) तृप्तीचा निरोप पुढे पोचवतो. ब्रिटनमधल्या पाच लाख लोकांच्या माहितीत दिसलं, की शंभरात सुमारे सहा जणांमध्ये हा ग्राहक नेहमीपेक्षा जास्त जागा असतो. त्यांचं पोट लवकर भरतं आणि त्यांना स्थूलतेचा धोका कमी असतो.

पंगतीत आग्रह झाल्यावर एखादी बाई ताटावर हात धरते आणि दुसरी ‘वाढा अजून एक’ म्हणते. पहिलीला आपण संयमी म्हणतो आणि दुसरीला खादाड. पहिलीला कदाचित संयम करावाच लागत नाही, कारण तिला खरोखरच भूक उरलेली नसते. वजनावरून स्वभावाची परीक्षा करू नये, याचं सगळ्यात भक्कम कारण हे आहे.

सवय येते कुठून?

बीज महत्त्वाचं म्हणून सवयी फुकट ठरत नाहीत. कपाशीचं एकच वाण काळ्या जमिनीत आणि बरड जमिनीत सारखं उतरत नाही, तसंच शरीराचंही आहे.

हालचालीपासून सुरुवात करू. 1999 साली अमेरिकेत जेम्स लिव्हाइन यांनी 16 जणांना आठ आठवडे रोज 1,000 किलोकॅलरी जास्त दिल्या. कोणाच्या अंगात 360 ग्रॅमच चरबी साठली, तर कोणाच्या चार किलोंहून जास्त. फरक मुख्यतः व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालींचा होता. उठणं-बसणं, फेऱ्या मारणं, उभं राहणं, हातापायांची चुळबुळ. जादा अन्न मिळताच काहींची ही हालचाल नकळत वाढली आणि त्यांनी ती ऊर्जा उडवून टाकली. 2005 सालच्या पुढच्या अभ्यासात थोडे स्थूल लोक बारीक लोकांपेक्षा दिवसाला सरासरी 164 मिनिटं जास्त बसून असतात असं दिसलं. मग त्याच स्थूल लोकांचं वजन उतरवलं आणि बारकांचं वाढवलं, तरी त्यांचं बसणं-उठणं फारसं बदललं नाही. आपण जिला सवय म्हणतो, तिच्यातही बीजाचा हिस्सा असतो. ‘तिला एका जागी बसवतच नाही’ हे वर्णन प्रत्येक गावात कोणाच्या तरी बाबतीत ऐकू येतं, ते याच गुणाचं.

पण बारीक बाई चपळच असते, असा नियम करू नये. 2022 साली चीनमध्ये निरोगी पण फार बारीक लोकांची तुलना नेहमीच्या वजनाच्या लोकांशी केली गेली. बारीक लोक 23 टक्के कमी हालचाल करत होते आणि 12 टक्के कमी खात होते. त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च मात्र त्यांच्या शरीराच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त होता. दुकानात बसूनही बारीक राहणारी आपली दुसरी बाई बहुधा या गटातली. ‘ती भरपूर खाते’ हेही नीट पाहायला हवं. लग्नात दोन जिलब्या जास्त खाल्लेल्या सगळ्यांना दिसतात. त्या रात्री ती जेवली नाही, हे कोणी पाहत नाही.

शेतातल्या कष्टांचा हिशेब आणखी मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार 55 किलो वजनाच्या बाईला बैठं काम असेल तर दिवसाला 1,660 किलोकॅलरी लागतात, मध्यम कामात 2,130 आणि जड कामात 2,720. बैठ्या आणि जड कामात हजाराहून जास्त किलोकॅलरींचं अंतर आहे. तासभर चालून हे अंतर भरून निघत नाही. निंदण, वेचणी, सोयाबीनची सोंगणी, पाणी वाहणं, सरपण आणणं असं काम दिवसभर चालतं, म्हणून त्या बाईच्या अंगावर चरबी टिकत नाही. त्यात तिच्या निवडीचा भाग थोडा आणि गरजेचा फार.

ताटातली बाजू

वऱ्हाड-विदर्भाच्या जुन्या ताटात ज्वारीची भाकर किंवा कण्या, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, ठेचा आणि हंगामी पालेभाज्या असत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि 10 ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात प्रथिनं आठ ग्रॅमच्या आसपास आणि तंतू तीन ग्रॅमसुद्धा नाहीत. भाकर चावून खावी लागते, वेळ लागतो, आणि पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला सवड मिळते. कापूस आणि सोयाबीनचं क्षेत्र वाढत गेलं तसा ज्वारीचा पेरा आटला, रेशनवर तांदूळ आणि गहू आले, आणि भाकरीची जागा भाताने व पोळीने घेतली.

दुसरा बदल गावच्या प्रत्येक किराणा दुकानात लटकलेला दिसतो: पाच-दहा रुपयांची पाकिटं. 2019 साली अमेरिकेत केविन हॉल यांनी 20 जणांना संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं. दोन्ही ताटांत मांडलेली ऊर्जा, साखर, मीठ, तंतू यांचा मेळ घातलेला होता. हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर लोक रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाऊन गेले आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन 0.9 किलोने वाढलं. ते खाण्याचा वेगही जास्त होता. ज्यांची तृप्तीची घंटा मुळातच हळू वाजते, त्यांना अशा अन्नाचा फटका आधी बसतो.

झोपेचाही हात आहे. 2022 सालच्या एका प्रयोगात कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या तरुणांची झोप तासाभराहून जास्त वाढवली, तेव्हा त्यांचं खाणं दिवसाला सुमारे 270 किलोकॅलरींनी आपोआप घटलं. कोणी त्यांना कमी खा असं सांगितलं नव्हतं.

दोनदा जेवावं की दर दोन तासांनी, यावरून महाराष्ट्रात घराघरांत वाद झाले. दोनदा जेवा म्हणणारे दीक्षित की दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या दिवेकर, असे तट पडले. स्वभावतः बारीक राहणाऱ्या बाया सहसा कुठल्याच तटात नसतात. भूक लागली की जेवायचं आणि पोट भरलं की थांबायचं, एवढंच त्या करतात. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूला मोकळा ठेवायला सांगितलं, त्याचा मतलबही हाच. फरक इतका, की बीज अनुकूल असेल तर हे सोपं जातं आणि नसेल तर रोज प्रयत्न करावा लागतो.

बाईच्या शरीराचे टप्पे

पुरुषापेक्षा बाईच्या शरीरात चरबीचं प्रमाण निसर्गतःच जास्त असतं. पाळी सुरू होणं, ती नियमित राहणं, गर्भ वाढवणं आणि अंगावर पाजणं या सगळ्यांसाठी तो साठा लागतो. साठा फार घटला की लेप्टिन घटतं आणि शरीर सगळ्यात आधी पाळीला कात्री लावतं. वजन कमी असूनही पाळी वेळेवर, अंगात ताकद आणि दिवसभर उत्साह असेल, तर तो बारीकपणा निरोगी असण्याची शक्यता मोठी. पाळी लांबत असेल किंवा बंद पडली असेल, तर ‘हाडपेर’ हे उत्तर पुरेसं नाही.

गरोदरपणात बाईला रोज 350 किलोकॅलरी जास्त लागतात आणि पाजण्याच्या पहिल्या सहा महिन्यांत 600. बाळंतपणानंतर काहींचं वजन उतरतं, काहींचं चिकटून राहतं. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन घटतं, स्नायू झिजतात आणि चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. काट्यावरचा आकडा तोच असूनही पोलक्याचं माप बदलतं, ते यामुळे.

अभावाचा बारीकपणा

तिसऱ्या बाईकडे आता यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 20.8 टक्के प्रमाणापेक्षा बारीक होत्या आणि 23.4 टक्के प्रमाणापेक्षा जाड. निम्म्याहून जास्त, 54.2 टक्के बायांना रक्तक्षय होता. एका राज्यात, बरेचदा एकाच गावात, दोन्ही टोकं शेजारी शेजारी नांदत आहेत.

विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात याला आणखी एक धागा आहे. गोंड, कोलाम, परधान अशा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. तो आईवडिलांकडून येतो, रक्तातल्या तांबड्या पेशी त्यात लवकर मोडतात, अंग भरत नाही, थकवा कायम. ‘घराणंच बारीक’ म्हणून सोडून दिलेल्या मुलीला प्रत्यक्षात सिकलसेल असू शकतो. रक्ताची एक साधी तपासणी ते सांगते. क्षयरोगाचंही तसंच. कमी वजनाच्या माणसाला क्षय लवकर गाठतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना पुरेसं धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं, असं 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. कोणतंही नवं औषध न देता, निव्वळ ताट भरल्याने हे झालं.

बारीक, तरी चरबीदार

बारीकपणावर निर्धास्त राहू नये, हे जगाला दाखवून दिलं ते पुण्याने. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या होणाऱ्या आया साधारण 21 वर्षांच्या, 152 सेंटिमीटर उंचीच्या आणि 42 किलो वजनाच्या होत्या. त्यांची बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, तेव्हा पुण्याची बाळं सगळ्याच मापांत लहान निघाली. स्नायू आणि आतले अवयव फार कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. जन्मापासूनच बारीक आणि चरबीदार.

2004 साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. बीएमआय मात्र दोघांना सारखंच ठरवत होता.

पुण्याजवळच्या गावांच्या त्या अभ्यासात आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांना दिसलं, की बाळाच्या वजनाचा संबंध आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा तिच्या ताटात पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा आलं याच्याशी जास्त होता. गरोदरपणात अंगावर भारी काम असलेल्या बायांची बाळं हलकी होती. बीज आणि सवय यांच्यामध्ये आईच्या पोटातले नऊ महिने येतात, ते असे. आजीचा अभाव नातीच्या शरीरात उतरू शकतो, आणि लोक त्याला खानदानी ठेवण म्हणतात.

मुकुटबनसाठी हे लांबचं नाही. खाण आणि कारखाना आला की रोकड येते, दुचाकी येते, शेतातलं काम सुटून बैठं काम येतं. अर्धपोटी आयांच्या पोटी जन्मलेल्या लहान चणीच्या शरीरांना भरपूर अन्न आणि कमी कष्ट एकदम मिळतात. अशा शरीरात मधुमेह कमी वजनावरच घुसतो. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा 25 ऐवजी 23 वर धरतात आणि बायांच्या कमरेची 80 सेंटिमीटरवर.

मग पाहायचं काय?

काट्याबरोबर टेप घ्या. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली नसावं. तिशीनंतर एकदा साखर तपासावी, बाई कितीही बारीक असली तरी. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे 45 किलोच्या बाईचं सव्वादोन किलोंहून जास्त, तर डॉक्टर गाठावा. क्षय, थायरॉईड, मधुमेह यांची सुरुवात अशी होऊ शकते. जन्मापासून बारीक असलेल्या बाईचं वजन स्थिर असतं. नव्याने बारीक होणं वेगळं.

स्थळं पाहताना ‘मुलगी फार बारीक आहे’ म्हणून नाकारण्याची रीत अजून आहे. त्या धास्तीने वजन वाढवण्याच्या पावडरी आणि गोळ्या खाल्ल्या जातात. अशा काही पावडरींमध्ये स्टेरॉईडची भेसळ सापडलेली आहे. त्यांनी चेहरा फुगतो आणि लोकांना तब्येत सुधारल्यासारखी वाटते, आत हाडं, साखर आणि रक्तदाब बिघडत जातात. बीजाने बारीक असलेल्या निरोगी मुलीला जाड होण्याची काहीच गरज नाही. तिला गरज आहे ती डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, पालेभाज्या यांची आणि अंगात ताकद टिकवणाऱ्या कामाची.

ज्यांचं बीज अनुकूल नाही, त्यांनी बारीक बाईच्या वजनाचा हेवा करण्यापेक्षा तिच्या सवयी उचलाव्यात: भुकेला जेवणं, सावकाश जेवणं, तृप्तीला थांबणं, दिवसभर हलतं राहणं, पुरेशी झोप, पाकिटांना मर्यादा. वजन तिच्याइतकं होईलच असं नाही, पण साखर, रक्तदाब आणि गुडघे यांना त्याचा फायदा मिळतो.

आणि तिसऱ्या बाईसाठी उपाय घरातच सुरू होतो. ती शेवटी जेवणार असेल, तर तिचं ताट आधी वाढून बाजूला ठेवा. गरोदर असेल, तर आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाड्यांमध्ये अमृत आहार योजनेत मिळणारं एक वेळचं जेवण तिने सोडू नये आणि जड कामातून तिला मोकळं करावं. बारीक बाई दिसली की तिच्या वजनावर शेरा मारण्याआधी, ती जेवली का आणि तिने रक्त तपासलं का, हे दोन प्रश्न विचारा.